कुंपणाबाहेरचा ठराव : नव्या फ्लॅट स्कीमच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व सर्व गाळेधारक,
आमच्या लेआउटमधली नवी फ्लॅट स्कीम,
खामला परिसर, नागपूर.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या कार्यकारिणीचा ठराव गेटवर लागला आहे. त्यात चार कलमं आहेत. स्कीमसमोरचे आणि पुढे कोपऱ्यापर्यंतचे सगळे ठेले हटवावेत म्हणून महापालिकेच्या झोन ऑफिसात अर्ज द्यायचा. गल्लीच्या तोंडाशी लोखंडी गेट बसवून 'फेरीवाल्यांना प्रवेश बंद' अशी पाटी लावायची. कडुनिंबाखालचा बाक काढायचा, कारण तिथे 'टवाळखोर बसतात'. आणि कामवाल्या बाया, डिलिव्हरीची पोरं, 'इतर सेवा देणारे' यांनी यापुढे मागची, सामानाची लिफ्ट वापरायची.

हे पत्र पाकिटात घालून सचिवांच्या हाती देता आलं असतं. पण ठराव तुम्ही रस्त्याकडे तोंड करून लावला आणि त्यातली तीन कलमं रस्त्याबद्दलच आहेत. म्हणून उत्तरही रस्त्यावरच्या सगळ्यांना वाचता येईल असंच देते.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगते. मी पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा हप्ता भरायच्या बचत खात्याची एजंट. बायांनी घरोघरी जाऊन बचत गोळा करावी म्हणून 1972 साली महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना निघाली. तिच्या चार टक्के कमिशनवर महाराष्ट्रात माझ्यासारख्या कितीतरी बायांनी मुलांच्या फिया भरल्या. या लेआउटमध्ये मला नावाने कोणी हाक मारत नाही, मी 'आरडीवाल्या ताई'. तुमच्या स्कीममधली काही घरं माझी खातेदार आहेत, आणि ज्यांना तुम्ही हटवायला निघालात त्यांच्यातलेही बहुतेक. हप्ता देताना माणूस नुसते पैसे देत नाही. कोणाची पोरगी बारावीला आहे, कोणाचा गुडघा गेला, गावाकडे कोणाचं सोयाबीन पावसात सडलं, तेही कार्डावर सही करता करता सांगून टाकतो. त्यामुळे तुमच्या ठरावात जिथे 'अतिक्रमण' लिहिलं आहे, तिथे मला माणसं दिसतात. त्यांची नावं लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे त्यांना हे पत्र वाचून दाखवलं आहे आणि छापायला त्यांची हरकत नाही.

एक गैरसमज होऊ नये. मी बदलाच्या विरोधात नाही. आमचा लेआउट पडला, म्हणजे शेताचे प्लॉट झाले, तेव्हा इथे बँकेतले, रेल्वेतले, वेकोलितले (कोळसा खाणींच्या सरकारी कंपनीतले) आणि शाळामास्तर अशा लोकांनी कर्ज काढून एकमजली घरं बांधली. दारात सीताफळ, मागे कढीपत्ता, खिडकीत कूलर, उन्हाळ्यात गच्चीवर खाटा. मग मुलं पुण्याला गेली. नागपूरच्या घरांचं असंच असतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पोरगं एकदा पुण्याला गेलं की परत येतं ते दिवाळीला, नाहीतर आई-बापाला घेऊन जायला. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांना अंगण झाडायला कोणी उरलं नाही. इकडे वर्धा रोडवर 2019 साली मेट्रो धावू लागली, मग दुमजली पूल आला आणि लेआउटमधल्या प्लॉटांचे भाव कुठच्या कुठे गेले. त्यात बिल्डर दोन गाळे आणि वर रोकड देतो म्हणाला. त्यातल्या एका मास्तरांनी घर दिलं, त्याच जागेवर तुमची स्कीम उभी आहे. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुमचंही नाही. तुमच्यातले कोणी चंद्रपूरहून आलेत, कोणी यवतमाळहून, कोणी गोंदियाहून. कोणी वावर विकून गाळा घेतलाय, कोणी वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन. तुमचा या गल्लीवर हक्क आहेच. तो तुमचा एकट्याचा नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता ठेल्यांचं. तुमच्या गेटच्या उजव्या हाताला इस्त्रीवाले काका उभे असतात. तुमच्या इमारतीचा पाया खणला जात होता तेव्हाही ते तिथेच होते. पायाची माती त्यांच्या ठेल्यावर उडायची, म्हणून ते दिवसभर कपडे चादरीखाली झाकून ठेवायचे. त्यांचं काम कधी उभं राहून बघा. इस्त्री पितळेची, कोळशाची. निखारे भरले की ती हातभर उंच धरून दोनदा झुलवायची म्हणजे राख झडते. मग आधी जुन्या धोतराच्या फडक्यावर फिरवून आच बघायची. आधी कॉलर, तीही उलट बाजूने, मग बाह्या, मग पाठ. पाणी शिंपडायला प्लास्टिकची बाटली, तिच्या झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं. खिशात राहिलेली नोट, औषधाची चिठ्ठी, सिनेमाचं तिकीट, जे निघेल ते टाचणी लावून त्याच शर्टाच्या खिशावर परत येतं. लेआउटमधल्या काही घरांच्या किल्ल्याही त्यांच्याकडे असतात (कोणत्या, ते अर्थातच लिहीत नाही). त्यांची मुलगी नर्सिंगला आहे. तिच्या फीचा मोठा भाग आरडी मोडून भरला, त्या फॉर्मवर एजंट म्हणून सही माझी आहे.

तुमच्या ठरावात 'धुरामुळे प्रदूषण' असं कारण दिलं आहे. कोळशाचा धूर होतो, हे खरं. गॅसच्या इस्त्रीचा विचार ते वर्षभरापासून करताहेत, खर्च जास्त म्हणून अडलं आहे. तुमच्या प्रत्येक घराने महिन्याच्या हिशेबातून थोडे आगाऊ दिले असते तर धुराचा प्रश्न कधीच सुटला असता. पण आधी हटवायचं सुचलं.

भाजीवाल्या मावशी पहाटे तीनला उठतात. हिंगण्याकडून चौघी मिळून एक ऑटो करतात, कॉटन मार्केटातून माल उचलतात आणि सातला इथे गाडी लागते. वांगी, पालक, आलू, आणि ओल्या गोणपाटाखाली सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तुमची स्कीम अर्धवट होती, तेव्हा जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांच्या फाटकावर याच मावशी पिशव्या अडकवून जायच्या. त्याच वर्षी जूनमध्ये पीएम स्वनिधी योजना सुरू झाली. मावशींनी दहा हजारांचं पहिलं कर्ज घेतलं, फेडलं, मग वीस हजारांचं घेतलं. ते कर्ज मिळतं तेच मुळी पथविक्रेता म्हणून नोंद किंवा शिफारसपत्र असेल तर. ठराव वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "सरकारच्या कागदावर मी दुकानदार, अन् यायच्या कागदावर अतिक्रमण. मंग म्या कोनाचा कागद मानू, ताई?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून तुम्हाला विचारते आहे.

पोहेवाल्याबद्दल फार लिहीत नाही, त्याची बाजू मांडायला पोह्यांवरची त्याची झणझणीत तर्री समर्थ आहे. रविवारी तुमच्याच इमारतीतून डबे खाली येतात, ते मी बघते. तक्रार करणाऱ्या घराचाही डबा त्यात असतो.

कायदा काय म्हणतो तेही बघू, कारण अर्जात तुम्ही कायद्याचाच आधार घेतला आहे. 2014 साली केंद्राने पथविक्रेत्यांचा कायदा केला. त्याच्या नावातच उपजीविकेचं संरक्षण आहे. शहरातल्या विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. त्यानंतर हलवायचंच झालं तर तीस दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर यादी करून द्यावी लागते. नाशवंत माल, म्हणजे मावशींची भाजी, मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. कोणती जागा विक्रीची आणि कोणती नाही, यावर नगर पथविक्रेता समितीचं म्हणणं घ्यावं लागतं. त्या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बाया. समितीत रहिवासी संघटनांचा प्रतिनिधी असू शकतो, पण कोणाला हटवायचं ते ठरवायचा अधिकार एकट्या फ्लॅट स्कीमच्या कार्यकारिणीला कुठेही दिलेला नाही. तुमचे अधिकार कुंपणाच्या आत सुरू होतात आणि कुंपणाच्या आतच संपतात.

रस्ता अडतो, ही तक्रार मात्र मी मनावर घेतली. सकाळी आठ ते साडेनऊ शाळेचे ऑटो, ऑफिसला जाणारे आणि पोहे खायला थांबलेल्यांच्या दुचाक्या यांची कोंडी होते, त्यात शंका नाही. पण मग टेप घेऊन मोजूया. भाजीची गाडी साधारण सहा फूट लांब. तुमच्या स्कीमबाहेर दिवसरात्र उभ्या असणाऱ्या मोठ्या गाड्या एकेक तेरा-चौदा फुटांच्या, आणि त्या साडेदहाला घरी जात नाहीत. पार्किंगमध्ये एका गाळ्यामागे एक जागा आणि काही घरांत गाड्या दोन, त्यातली दुसरी जनतेच्या रस्त्यावर फुकट उभी. ठरावात तिच्याबद्दल एक शब्द नाही.

गेटचं थोडक्यात. आमच्या गल्लीचा रस्ता हा मंजूर लेआउटचा रस्ता आहे, सार्वजनिक. त्यावरून पलीकडच्या वस्तीतली पोरं शाळेत जातात, बाया 'आपली बस'च्या थांब्यावर जातात. तिथे फाटक घालून वॉचमनने 'कुठे जाता' विचारायचं, हे चालणार नाही. आणि रात्री दोनला ॲम्ब्युलन्स आली तर किल्ली कोणाकडे शोधायची? लेआउटात अजून म्हातारी माणसं राहतात.

बाकाची आणि नळाची गोष्ट मात्र मला जास्त लागली. नळ ठरावात नाही, कारण तो तुम्ही आधीच बंद केला. मास्तरांच्या कुंपणाला बाहेरच्या बाजूने एक नळ होता आणि मार्च लागला की त्याखाली दोन रांजण. पोस्टमन, रद्दीवाला, कूलरच्या ताट्या बदलायला येणारा, वाळा विकणारा, सगळे तिथे पाणी प्यायचे. सायकलची हवा भरणारा तर डोक्यावरचा दुपट्टा त्या नळाखाली ओला करूनच पुढे जायचा. घर पाडताना मास्तरांनी बिल्डरला एकच विनंती केली होती, नळ ठेवा. बिल्डरने ठेवला, तुमचा ताबा होईपर्यंत. मग 'पाण्याचा अपव्यय' म्हणून त्याच्या तोंडाला प्लग बसला. हे नागपूर आहे हो. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता. इथे उन्हाळ्यात दारच्या माणसाला पाणी विचारलं नाही तर घराला नाव ठेवतात. तुमच्या गच्चीवरच्या टाक्या भरून वाहतात तेव्हा त्या पाण्याचा लोट आमच्या गल्लीतूनच जातो, त्याची बेरीज कोणी केली आहे का?

बाकावर बसणारे 'टवाळखोर' कोण, ते मी दुपारी फिरते म्हणून मला माहीत आहे. पहिल्या कामाहून दुसऱ्या कामाला जाताना डबा खाणाऱ्या बाया. बॅगवर डोकं टेकून पुढच्या ऑर्डरची वाट बघणारा डिलिव्हरीचा पोरगा. संध्याकाळी पेन्शनवाले तिघे, ज्यांचा सगळ्यात मोठा गुन्हा मोठ्याने बोलण्याचा, कारण त्यातल्या दोघांना ऐकू येत नाही. त्या बाकावर सावली आहे ती कडुनिंबाची. लेआउट पडायच्या आधी इथे शेत होतं आणि हे झाड त्याच्या धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, असं जुने लोक सांगतात. म्हणजे ते पन्नास वर्षांच्या वरचं असणार, आणि तशा झाडांना आपल्या राज्याच्या वृक्ष कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने वारसा वृक्षाचा मान आहे. तुमच्या समोरच्या गट्टूंनी (फरसबंदीच्या विटांनी) त्याच्या बुंध्याला गळ्यापर्यंत आवळलं आहे. पाऊस मुळाशी जातच नाही. रस्त्याकडच्या फांद्या छाटल्या त्याला परवानगी होती का, हेही एकदा गल्लीला दाखवा.

आता लिफ्ट. हे कलम कुंपणाच्या आतलं आहे, म्हणजे तुमच्या हद्दीतलं, हे मान्य. तरी लिहिते, कारण त्या लिफ्टने जायचं कोणी हे ठरवताना तुम्ही ज्यांना विचारलं नाही, त्या माझ्या खातेदार आहेत. ज्या बाईच्या हातात तुम्ही सकाळी सहाला घराची किल्ली देता, जी तुमच्या आईला आंघोळ घालते, जिच्या कडेवर तुमचं लेकरू झोपतं, ती लिफ्टमध्ये शेजारी उभी राहिली तर नेमकं काय होतं? मी हे एका सभासद वहिनींना विचारलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "आमच्या मनात तसं नाही हो, पण कमिटीने ठरवलंय." कमिटीतल्या एका साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "मेंबर लोकांचा आग्रह आहे." तेव्हा हा आग्रह नेमक्या कोणाचा, ते पुढच्या सभेत हात वर करून विचारा. मागची लिफ्ट महिन्यातून कितीदा बंद असते, ते इलेक्ट्रिशियनला विचारा. सहाव्या मजल्यापर्यंत जिना चढून मग चार घरची भांडी, हे ज्यांना करावं लागतं त्यांच्यात पन्नाशीच्या बायाही आहेत.

आणि लिफ्टवरून आठवलं. तुमचा रात्रीचा वॉचमन बालाघाटकडचा आहे, बारा तासांची ड्युटी करतो. त्याच्यासाठी संडास नाही. तीस-चाळीस घरांच्या इमारतीत, जिथे प्रत्येक गाळ्यात दोन-दोन आहेत, तिथे तो माणूस पलीकडच्या अर्धवट बांधकामावर जातो. हे त्याने मला सांगितलेलं नाही. पोहेवाल्याने सांगितलं, कारण सकाळी हात धुवायला पाणी तोच देतो. ठेला हटला की तेही गेलं.

आमच्या मागण्या अशा आहेत. 'आमच्या' म्हणते, कारण जुन्या घरांतल्या आणि वस्तीतल्या बऱ्याच जणांनी हे पत्र पाहिलं आहे.

ठेले हटवण्याचा अर्ज झोन ऑफिसात दिला असेल तर लेखी मागे घ्या, दिला नसेल तर देऊ नका. विक्रेत्यांची जागा बदलायचीच असेल तर ती कायद्याने, सर्वेक्षण आणि समितीमार्फत बदलू द्या. तिथे आम्हीही आमचं म्हणणं मांडू.

गल्लीच्या तोंडाशी गेट नको आणि ती पाटीही नको.

नळाचा प्लग काढा. पाण्याचं बिल वाढत असेल तर मार्च ते जून त्याचा भार गल्ली वाटून घेईल, वर्गणी गोळा करायची जबाबदारी माझी. मला ते काम येतं.

बाक आहे तिथेच राहील. कडुनिंबाभोवतीचे गट्टू निदान तीन-तीन फूट काढून माती मोकळी करा. पुढची छाटणी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय नको.

लिफ्ट सगळ्यांना एकच. सामान असेल तेव्हा सामानाची, माणूस असेल तेव्हा माणसाची.

वॉचमनला संडास आणि बसायला खुर्ची. यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही, ठरावही लागत नाही.

कोंडीबद्दल आपण एकत्र बसू. पोहेवाला स्वतःहून म्हणाला आहे की दुचाक्या एका बाजूला लावायला तो पोरगा उभा करेल आणि पत्रावळ्यांना झाकणाचा डबा ठेवेल. मावशी गाडी दोन हात मागे घ्यायला तयार आहेत. इस्त्रीवाल्या काकांच्या गॅसचं वर लिहिलंच आहे. तुमच्याकडून बाहेरच्या गाड्यांचं काय करणार, ते घेऊन या. सभा रविवारी ठेवा, पण साडेदहाच्या नंतर, म्हणजे ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांनाही गाडी आवरून येता येईल. जागेची अडचण नको, बाक आहे.

आपली,
लेआउटमधली आरडीवाली ताई

ता. क. : या महिन्याचे हप्ते घ्यायला मी नेहमीप्रमाणे पंधरा तारखेच्या आत येते आहे. मी 'इतर सेवा देणाऱ्यां'त मोडते का आणि वर यायला कोणती लिफ्ट वापरायची, ते वॉचमनपाशी सांगून ठेवा.